मातीवर काटे

माझी सासू पहिल्यांदा विमानात बसली ती निवडुंगाचं फडं घेऊन. लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेलं, बॅगेच्या तळाशी, शेंगदाण्याच्या चटणीखाली दडवलेलं. हीथ्रोवर कस्टमच्या माणसानं बॅग उघडायला लावली आणि सरळ आत हात घातला.

“बोंबलला गं बिचारा,” गाडीत बसल्यावर ती सांगत होती. “कुसळं गेली त्याच्या बोटात. मी म्हणलं, बाबा, तेल लावून चोळ. त्याला मराठी कुठं येतं! फडं नेलं उचलून. टाकलं आसंल कचऱ्यात.”

ती हसत नव्हती. मांडीवर रिकाम्या चिंध्या धरून बसली होती.

ते फडं तिनं नातीसाठी आणलं होतं. माझ्या मुलीसाठी. माझी मुलगी फेब्रुवारीत जन्मली आणि त्याच दिवशी गेली. आता जुलै चालू होता.

आमच्याकडं, म्हणजे अंबडच्या बाजूला, मोठ्या माणसाला जाळतात आणि दूधपित्या लेकराला मातीत देतात. मातीवर दगड ठेवतात आणि दगडांवर काटे. बाभळीचे, बोरीचे, नाहीतर निवडुंगाचे. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून. यात देव नाही, भट नाही, मंत्र नाही. दार लावून घेतो तसं आहे ते. काटे घरातल्या म्हातारीनं ठेवायचे. गयाबाई, माझी सासू, सात समुद्र ओलांडून आली ती त्यासाठी. राणीचा वाडा बघायला नाही.

आणि इथं कबर नव्हती.

माझा नवरा प्रणय आमच्या धम्म मंडळाचा वक्ता. चौदा एप्रिलला ईलिंगच्या हॉलमध्ये तासभर बोलतो. रूढी सोडा, कर्मकांड सोडा. बरोबर बोलतो, मीही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आहेत. पण हा माणूस दहाव्या वर्षी औरंगाबादच्या वसतिगृहात गेला. आपली माणसं मेलेल्या लेकराचं काय करतात, हे त्याला कधी बघावं लागलं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही. हॉस्पिटलमधल्या बाईनं हळू आवाजात विचारलं, बरियल की क्रिमेशन? हा ताठ मानेनं म्हणाला, वी आर बुद्धिस्ट, क्रिमेशन. तथागतांना अग्नी, बाबासाहेबांना अग्नी, म्हणून हिलाही अग्नी. पाऊण किलोच्या लेकराला. एवढ्या लहान बाळाची राखसुद्धा उरत नाही, हे त्याला नंतर कळलं. विचारलं असतं तर आधी कळलं असतं.

हे चाललं होतं तेव्हा मी वरच्या मजल्यावर नळ्या लावून पडले होते. आधी ऑपरेशन, मग रक्त थांबेना, मग इन्फेक्शन. नीट शुद्धीवर आले तेव्हा पोट रिकामं आणि सगळं उरकलेलं. फोटो काढून ठेवू का, असं नर्सनं त्याला विचारलं होतं. नको म्हणाला. मला त्रास होईल म्हणून! माझ्या त्रासाची एवढी काळजी, की माझ्या मुलीचा चेहरासुद्धा माझ्यासाठी ठेवला नाही. नर्स सोडल्या तर तिला जिवंत बघितलेला जगात हा एकच माणूस, आणि हा तोंड उघडत नव्हता. मी विचारायचे, कशी होती रे? तो म्हणायचा, “कल्याणी, आता कशाला ते.” आणि उठून भांडी घासायला लागायचा. त्या दिवसांत आमच्या घरातली भांडी फार चकचकीत होती.

त्यानं गावाकडं आपल्या आईला फोन केला तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, “मातीत दिलं ना रे बाबा?” तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं ते. आणि तो म्हणाला, “हो माय. दिलं.”

म्हातारी येणार हे ठरलं तेव्हा मी त्याला म्हटलं, खरं सांगून टाक. सांगतो म्हणाला. विमानतळावर सांगतो, घरी गेल्यावर सांगतो, तिची झोप पूर्ण झाल्यावर सांगतो.

आल्याच्या दुसऱ्या सकाळी आत्या (सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडं तीच पद्धत) स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन उभी होती. शेजारच्या शेडच्या छपरावर एक कोल्हा ऊन खात पडला होता. इंग्लंडमध्ये त्यात काही विशेष नाही. आम्ही राहतो त्या स्लाऊच्या प्रत्येक गल्लीत कोल्हे आहेत, कचऱ्याचे डबे पालथे करतात, पोरं त्यांचे फोटो काढतात. आत्याच्या हातातला कप सिंकमध्ये पडला.

“प्रणय! आरं हितं कोल्हे हायेत! गावात! घराला लागून!”

“माय, ते काही करत नाहीत.”

“काही करत न्हाईत? तुला काय माहीत रे ते काय करत्यात? पोरीला कुठं ठिवलंय? काटे कुणी टाकले? का तसंच हाय उघडं?”

“सिमेटरीत आहे. कुंपण आहे तिथं.”

“कोल्ह्याला कुंपण!” ती म्हणाली. “मला आत्ताच्या आत्ता घिऊन चल.”

त्यानं सांगितलं, दुरुस्ती चालू आहे, बंद आहे. मी ओट्याशी उभी होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी कणीक मळत राहिले. खोटं त्याचं, ओझंही त्यानंच वाहावं.

पुढचे दिवस ती एकच गोष्ट बोलत होती. काटे. आमच्या बागेतल्या गुलाबाचे काटे तिनं तपासले आणि नाक मुरडलं. गार्डन सेंटरला नेलं, तिथं बोटभर कुंड्यांत कॅक्टस होते, आणि प्रत्येकावर लाल-पिवळं वाळलेलं फूल गोंदानं चिकटवलेलं. आत्यानं एक फूल ओढून बघितलं, ते तिच्या हातात आलं.

“आगं बया! ह्यांनी निवडुंगाला टिकली लावली!”

हसले मी. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. लगेच स्वतःचाच राग आला.

मंडळातल्या नाही, त्या दुसऱ्या, गणपतीवाल्या मराठी लोकांतल्या अलकाताई एक दिवस भेटायला आल्या. सांत्वन करून झाल्यावर खाली वाकून मला विचारलं, “अगं, तुमच्यात काय करतात गं अशा वेळी?” साहेबाच्या देशात वीस वर्षं राहून बाईंचं ‘तुमच्यात’ काही सुटलं नव्हतं. मी म्हटलं, “आमच्यात रडतात. तुमच्यात?” पुन्हा आल्या नाहीत.

शेवटी प्रणयनं इंटरनेटवर कुठंतरी शोधलं. केंटमध्ये, पार समुद्राच्या टोकाला, एका म्हाताऱ्या इंग्रजाची कॅक्टसची नर्सरी आहे, लोकांना बघू देतो. आणि तिथून पुढं डंजनेस म्हणून एक जागा आहे, तिला इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. “रोड ट्रिप करू,” तो म्हणाला. “मायला निवडुंग मिळेल, वाळवंट बघून होईल, पक्षी बघून होतील.”

मी त्याला बाथरूमच्या दारात धरलं. “निवडुंग मिळाल्यावर काय करणार आहेस? कुणाच्या कबरीवर ठेवणार?”

“तिथंच सांगेन. लांब, शांत जागा आहे.”

“तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, प्रणय. गाडीत बसायच्या आधी ऐकून ठेव.”

शनिवारी निघालो. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पाऊस नव्हता. नळाला पाइप लावायला बंदी होती, हिरवळी पिवळ्या पडल्या होत्या, आणि लोक एकमेकांना दुष्काळ दुष्काळ म्हणत होते. आत्यानं मोटरवेच्या कडेचं वाळकं गवत बघितलं आणि विचारलं, “हा दुष्काळ? ह्याच्यात तर दोन म्हशी जगतील.”

ती पुढं बसली होती, मी मागं. एम ट्वेंटी-फाइव्ह मोटरवेवर गाड्या तुंबल्या होत्या, मुंगीसारखं सरकत होतो. मी म्हटलं, “प्रणय, खिडकी उघड रे.”

“नवऱ्याला रे?” आत्या आरशातून माझ्याकडं बघत म्हणाली.

“लंडनमध्ये सगळ्यांना रे म्हणतात, आत्या.”

“मग राणीला काय म्हणत्यात? ये गं म्हातारे?”

प्रणय हसला. मोठ्यानं हसला, गरजेपेक्षा जास्त. मला ते हसू ओळखता येतं. भांडी घासण्यासारखंच असतं ते.

मोटरवे सोडल्यावर रस्त्याच्या कडेला एक जनावर मरून पडलं होतं. काळंपांढरं तोंड, फुगलेलं पोट.

“काय हाय रे ते?”

“बॅजर. दिवसा दिसत नाही. जमिनीत बिळं खणतो.”

“खणतो?” आत्या म्हणाली. “म्हंजी कोल्हा न्हाई आला तर हा येणार.”

दोन्ही बाजूंना सपाट रानं, पाण्याचे चर, चरांत बेडकांचा गोंगाट, माणसं खदाखदा हसावीत तसा. लोकर कातरलेल्या मेंढ्या उन्हात दगडासारख्या उभ्या. एका खांबावर ससाणा बसलेला. प्रणय नावं सांगत होता, हा अमुक पक्षी, हा तमुक. त्यानं आदल्या दिवशी सगळं वाचून ठेवलं होतं. आत्या हं हं करत होती आणि मांडीवरच्या चिंध्यांच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती.

नर्सरी म्हणजे काचेची तीन लांबट घरं, काचा शेवाळलेल्या. म्हातारा अर्ध्या चड्डीत, गुडघे लालभडक. दार उघडल्याबरोबर आतून धग आली. स्लाऊला आल्यापासून आत्या आक्रसून चालायची, जुलैतसुद्धा स्वेटर घालून. आत पाऊल टाकलं आणि तिचे खांदे सुटले. स्वेटर काढून माझ्याकडं दिला.

ते बघण्यासारखं होतं, हे मी कबूल करते. माणसाहून उंच खांब, त्यांना शिरा पडलेल्या. पिंपाएवढे गोल गड्डे, वर सोनेरी काटे. एक तर पांढऱ्या केसांनी असा झाकलेला की एखादा म्हातारा गुडघ्यात मान घालून बसलाय. काही उघड्या दगडांवर किड्यांसारखे पसरलेले. अख्खं अमेरिकेतलं वाळवंट त्या माणसानं काचेत आणून पोसलं होतं. वरच्या झडपेतून एक चिमणी आत आली होती, त्या काट्यांतून सुईत दोरा ओवावा तशी फिरत होती. म्हातारा लॅटिन नावं सांगत होता, प्रणय त्यांचं मराठी करत होता, आणि आत्या दोघांनाही मागं टाकून सरळ शेवटच्या कोपऱ्यात गेली.

तिथं जुना फड्या निवडुंग होता. कुंडी फोडून जमिनीत उतरलेला, काचेला टेकलेला. आमचाच. गावकुसाबाहेर आमच्या वस्तीभोवती असतो तोच. गावातल्या लोकांना आमची सावली नको म्हणून कुंपण, आणि आम्हाला जनावरं नकोत म्हणून कुंपण. एकच झाड दोघांच्या कामाचं.

आत्यानं काटे नसलेली जागा बघून दोन बोटांनी फडं धरलं. लेकराचा गाल धरतात तसं.

“तुला ठावं न्हाई, कल्याणी,” ती म्हणाली. मराठीतच, पण खालच्या आवाजात, प्रणय म्हाताऱ्याशी बोलत होता म्हणून. “ह्याच्या आधी मला एक पोरगी झाली व्हती. बहात्तरचा दुष्काळ. मी अन् तुझा सासरा खडीवर व्हतो, सडकेच्या कामावर. पोरगी दोन महिन्यांची, हगवण लागली, गेली. दिस मावळायच्या आत माती दिली. तो म्हणला, काटे उद्या तोडून आणतो, आता हात उचलत न्हाई. दिसभर दगड फोडलेला माणूस. मी बी म्हणलं, बरं, उद्या.”

फडं तिनं सोडलं नाही.

“उद्या गेलो तर खड्डा उघडा. फडकं तेवढं अडकलं व्हतं बोरीला.”

माझ्या पोटावरची शिवण ओढल्यासारखी दुखली.

“तुझा सासरा त्याच्यानंतर तीस वर्सं जगला. कव्हाच त्याच्यावर बोलला न्हाई. मरताना बी न्हाई. मी बोलले आसते गं, पण तो उठून जायचा.”

मुलगा कुणावर गेला ते मला तिथं, त्या काचेच्या घरात कळलं.

इंग्रजानं जाड हातमोजे घालून तीन फडी कापली, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवली. म्हणाला, बाहेर लावू नका, इथं जगणार नाही. थंडीनं नाही मरत हा, ओलीनं मरतो, कुजतो.

प्रणयनं ते मराठीत सांगितलं.

“कुजू दे,” आत्या म्हणाली. “एक हिवाळा निघाला की झालं. पुढं माती बसती.” मग म्हाताऱ्याकडं वळून तिनं दोन्ही हात जोडले. तोही गडबडला, त्यानं हातमोज्यांसकट हात जोडले.

डंजनेसला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाळवंट म्हणजे वाळू असेल असं मला वाटलं होतं. तिथं वाळू नाही. तिथं गोटे आहेत. डोळ्याला टोक दिसत नाही एवढे गोटे, भुरे, पिवळे, मुठीएवढे, अंड्याएवढे. मधूनच समुद्रकोबीचे निळसर गड्डे, निळ्या फुलांची खरबरीत झुडपं. डांबर फासलेल्या लाकडी झोपड्या एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या लांब लांब. आणि मागं अणुवीज केंद्र, राखाडी, गूं गूं करत असलेलं. वर पांढरे पक्षी किंचाळत होते.

आत्या गाडीतून उतरली, दोन पावलं चालली, चपला गोट्यांत रुतल्या. ती तशीच उभी राहिली.

“आरं देवा,” ती म्हणाली. देवा म्हणायचं तिच्या घरानं छप्पन साली, धम्म घेतला तेव्हाच सोडलंय. “येवढी खडी कुणी फोडली रे?”

“कुणी नाही, माय. समुद्रानं आणलीय.”

“फुकट?”

“फुकट.”

तिनं एक गोटा उचलला, हातात तोलला, आणि टाकून दिला.

झोपड्यांपासून लांब आम्ही चादर अंथरली. मी चपात्या, चटणी, उकडलेली अंडी काढली. लांबून एक मोठा ससा, खरं तर हेअर, कान ताठ करून आमच्याकडं बघत होता, मग लांब टांगा टाकत गेला. खोकं आत्याच्या मांडीशी होतं. मी प्रणयकडं बघितलं. तो अंडं सोलत होता. सोलून झालेलं अंडं पुन्हा पुन्हा पुसत होता.

“प्रणय,” मी म्हटलं.

“खाऊ दे ना तिला आधी.”

“काय रे?” आत्यानं विचारलं.

“काही नाही, माय. परवा जाऊ आपण सिमेटरीत. सोमवारी उघडेल.”

त्याच्या तोंडावर चपाती फेकावी असं मला झालं. लांब, शांत जागा शोधून माझा नवरा तिथंही तेच खोटं बोलला, फक्त त्याला वार जोडून.

तेवढ्यात तो आला. झुडपामागून, वाऱ्याच्या दिशेनं, रोडका, शेपटीचे केस गेलेला कोल्हा. तिथले कोल्हे माणसाला भीत नाहीत. मासे धरणारे लोक त्यांना तुकडे टाकतात, गाडीच्या दारापर्यंत येतात. हा आमच्यापासून आठ-दहा हातांवर येऊन कुत्र्यासारखा बसला. जीभ बाहेर. वाट बघत.

आत्या उठली. मी त्या बाईला इतक्या जोरात उठताना कधी बघितलं नव्हतं. तिनं गोटा उचलला आणि फेकला. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी. “हाऽऽट! हाट मुडद्या! पुना आला का? पुना आला का तू?” कोल्हा गोंधळला, चार पावलं मागं सरला, पुन्हा बसला. त्याला वाटलं असेल, काहीतरी खायला टाकतायत. आत्याचा पदर सुटला, एक चप्पल गोट्यांत राहिली, ती फेकत होती. “माझ्या नातीला हात लाव! लाव हात! काटे आणलेत मी औंदा! आणलेत!”

प्रणय अंडं हातात धरून बसला होता.

“आत्या,” मी ओरडले, “नाहीय ती मातीत! कुणी उकरणार नाही तिला. जाळलंय तिला. जाळलंय. राखसुद्धा नाही.”

तिचा हात वर होता. गोटा तिनं फेकला नाही, खालीही टाकला नाही. माझ्याकडं बघितलं, मग पोराकडं.

“प्रणय?”

प्रणयनं मान हलवली.

“दूधपित्या लेकराला?” ती म्हणाली. “आरं, तिनं तर दूध बी न्हाई पिलं.”

कोल्हा गेला. कधी गेला ते मला कळलं नाही. आत्या होती तिथंच खाली बसली, गोट्यांवर. मला वाटलं आता शिव्या देईल, ऊर बडवेल. निदान त्याच्या कानाखाली काढेल. मला ते हवं होतं. मी पाच महिने त्याच्या कानाखाली काढली नव्हती.

“मला माहीत नव्हतं, माय,” तो म्हणाला. “मला वाटलं, आपण बुद्धाचे...”

“बुद्धाला कामून मधी आणतो? बुद्धानं सांगितलं व्हतं का खोटं बोल म्हणून? चौथं शील काय हाय? भाषणात सांगतो ना लोकास्नी?”

त्याच्या भाषणाला एवढं नेमकं उत्तर ईलिंगच्या हॉलमध्ये कुणी दिलं नव्हतं.

मग नाक पदराला पुसून, बाजारात भाव विचारावा तशा साध्या आवाजात तिनं विचारलं, “कुणावर गेली व्हती?”

“काय?”

“पोरगी. तू व्हता ना जवळ? कुणावर गेली व्हती?”

“माय, आता कशाला...” तो उठायला लागला.

“बस खाली.” त्याच्या विजारीचा पाय तिनं मुठीत धरला. “तुझा बाप बी आसाच उठून जायचा. तीस वर्सं उठून गेला. बस. माझी पोरगी मी दोन महिने पाजली, तिचं तोंड मला ठावं हाय. हिनं तर बघितलीच न्हाई. हिला सांग.”

तो बसला. गोट्यांवर गुडघे उभे करून, अंडं अजून हातात. माझ्याकडं बघत नव्हता.

“टोपी मोठी होती,” तो म्हणाला.

“कसली?” आत्यानं विचारलं.

“पिवळी. लोकरीची. तिथं बायका विणून देतात. सगळ्यात लहान होती ती, तरी मोठी व्हायची. सारखी डोळ्यांवर यायची. मी त्या काचेच्या पेटीतल्या भोकातून हात घालून ती वर सरकवायचो. परत खाली यायची. डोळे उघडले होते का, ते मला नक्की सांगता येत नाही. एकदा उघडले असं वाटलं. खांद्यावर केस होते. मऊ, काळे. पाठीवर पण.”

“आसत्यात,” आत्या म्हणाली. “लवकर आलेल्या लेकराला आसत्यात.”

“मी हात फिरवत होतो. नर्स म्हणाली, फिरवू नका, तिला सहन होत नाही, कातडी पातळ आहे. नुसता ठेवा. डोक्यावर एक आणि पायाशी एक. नुसता ठेवा, हलवू नका. मी ठेवले. म्हणजे... कल्याणी, दोन्ही हातांत मावत होती. तू वर ऑपरेशनमध्ये होतीस. मला तुझ्याकडं पण यायचं होतं. पण ती म्हणाली होती हलवू नका. मग मशीन वाजलं, आणि त्यांनी ते बंद केलं, आणि तरी मला कुणी सांगितलं नाही आता हात काढा म्हणून. मी ठेवून बसलो. मला कळेना, काढायचे कधी.”

त्याचं तोंड वाकडं झालं. आत्यानं त्याची विजार सोडली नव्हती.

मी त्याला माफ केलं नाही. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे कुणी गोड शेवट शोधायला नको. मला विचारायच्या आधी माझी मुलगी जाळली, तिचा फोटो ठेवला नाही, आईशी खोटं बोलला, आणि माझ्यापासून ही पिवळी टोपी पाच महिने लपवून ठेवली. आजही भांडणात मी हे सगळं काढते.

पण तेव्हा वारा सुटला होता, चादरीचं टोक फडफडत होतं, आणि त्यानं बोलणं थांबवलं होतं. तो पुन्हा उठेल अशी मला भीती वाटली. मी सरकून त्याच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून, अशी की त्याला उठायला जागा राहू नये.

“हात कसे होते तिचे?” मी विचारलं. “नखं आली होती का? सांग. सगळं सांग.”